शब्दाचा पत्ता : डिजिटल साधने आणि शाळेतली परिभाषा

'क्षार' या एका शब्दापासून सुरुवात करतो. महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी तयार होते. म्हणजे क्षार हा अभिक्रियेच्या शेवटी हाती येणारा पदार्थ; घरातले मीठ हे त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. हिंदी माध्यमाच्या पुस्तकात मात्र अम्ल आणि क्षार एकत्र येतात आणि त्यांतून लवण तयार होते. तिथे क्षार हा सुरुवातीचा पदार्थ आहे, आपल्या आम्लारीच्या कुळातला. लिपी एक, विषय एक, इयत्ताही जवळपास एक; अर्थ मात्र समीकरणातल्या बाणाच्या दोन बाजूंना. 'अणू'चेही तसेच. मराठीत अणू एकत्र येऊन रेणू होतो, हिंदीत परमाणु एकत्र येऊन अणु होतो. मराठीतली 'पेशी' हिंदीत कोशिका होते, आणि हिंदीत पेशी म्हटले की स्नायू तरी समजायचा, नाहीतर कोर्टातली हजेरी.

नवी मुंबईतल्या मराठी शाळेतला नववीचा मुलगा घरी आल्यावर अडलेला धडा मोबाइलवर शोधतो, तेव्हा त्याला समोर मिळते ती बहुधा हिंदी चित्रफीत. हिंदी त्याला समजते. शेजार, बाजार, क्रिकेट, सिनेमा सगळे त्याच भाषेत आहे. चित्रफितीतला शिक्षकही चांगला असतो. मुलगा 'अम्ल और क्षार' ऐकतो आणि वहीत 'आम्ल आणि क्षार' लिहितो. उत्तर चुकते. शिक्षकाला वाटते, याला रसायन कळले नाही. प्रत्यक्षात रसायन कळलेले असते. शब्द कुठल्या गावचा हे कुणी त्याला सांगितलेले नसते.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा याच ठिकाणी आहे. परिभाषा शिकवण्यासाठी म्हणून आज जी डिजिटल साधने हाताशी आहेत, म्हणजे शासनाचे ऑनलाइन शब्दकोश, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड, यांत्रिक भाषांतर आणि आता प्रश्नांना उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने, ती सगळी शब्दाला पर्याय देतात. विद्यार्थ्याला हवा असतो शब्दाचा वापर: तो कोणत्या विषयात, कोणत्या वाक्यात, कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो हे. ही उणीव तंत्रज्ञानाची नाही. कागदी कोशाची जुनी मर्यादा आपण तशीच उचलून पडद्यावर ठेवली, त्याचा हा परिणाम आहे.

कोशाचे गिऱ्हाईक

मराठीत कोश कुणासाठी झाले, हे एकदा ओळीने पाहावे. शिवकालात, १६७७ च्या सुमारास, रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर असलेला 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. सुमारे १४०० फार्सी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याचा वाचक होता राज्याचा कारभारी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. तो मुख्यतः मराठी मुलखात काम करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या आणि मिशनऱ्याच्या उपयोगाचा. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्याचा उपयोग भाषांतर करणाऱ्याला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याने आधी पदनाम कोश काढला, ज्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली. पुढे शासन व्यवहारापासून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल, साहित्य समीक्षा अशा विषयांचे परिभाषाकोश काढले. या कामामागचे कष्ट मोठे आहेत आणि त्यांची टवाळी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते कोश उघडून पाहिले असतील.

पण या कोशांची मूळ दिशा पाहा. ती मुख्यतः इंग्रजी शब्दाकडून मराठी पर्यायाकडे जाते. ज्याला इंग्रजी आधी येते आणि मराठीत लिहायचे आहे, अशा माणसासाठी ती रचना आहे: अनुवादक, टिपणी लिहिणारा अधिकारी, पाठ्यपुस्तकाचा लेखक. नववीच्या मुलाची दिशा उलटी असते. त्याच्यासमोर मराठी शब्द आहे आणि त्याचा अर्थ त्याला हवा आहे. त्याला 'सांद्रीभवन'चा इंग्रजी प्रतिशब्द सांगितला, तर एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द आला, इतकेच. हे कोश आता संगणकावर शोधता येतात, ही मोठीच सोय झाली. पण ही सोय ज्याच्या वाट्याला आली, तो पूर्वीचाच गिऱ्हाईक आहे.

यात मराठीची आणखी एक अडचण मिसळते. आपली भाषा शब्दाला प्रत्यय लावण्याआधी त्याचे सामान्यरूप करते. पुस्तकात 'जीवेची लांबी' असते; कोशात नोंद 'जीवा' अशी असते. पुस्तकात 'द्रावणातील', 'परस्परांशी', 'राशींचे'. ज्याला मूळ शब्द ओळखता येतो त्याला कोशाची गरज कमी, आणि ज्याला गरज आहे त्याला मूळ शब्द ओळखता येत नाही. कागदी कोशाला यावर इलाज नव्हता. यंत्राला आहे. शब्दाचे रूप ओळखून मूळ नोंदीकडे नेणे हे संगणकाच्या आवाक्यातले काम आहे. शाळकरी मुलासाठीच्या कोणत्याही मराठी साधनाची ती पहिली अट असायला हवी.

अवघड शब्द कोणते?

परिभाषा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लांबलचक संस्कृत नामे येतात. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द तर थट्टेसाठी राखून ठेवलेला आहे. पण मुलांबरोबर बसून धडा वाचला की वेगळेच दिसते. प्रकाशसंश्लेषण अवघड आहे हे मुलाला माहीत असते, शिक्षकालाही माहीत असते. म्हणून तो शब्द फळ्यावर लिहिला जातो, समजावला जातो, पाठ होतो. खरी अडचण ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही त्या शब्दांची असते.

त्यांतला पहिला वर्ग ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांचा. गणितात 'व्यस्त चलन' नावाचा भाग आहे: एक राशी वाढली की दुसरी त्याच प्रमाणात कमी होते. आता हे शब्द आमच्या शहरातल्या मुलाच्या कानाने ऐका. 'व्यस्त' म्हणजे कामात गुंतलेला. फोन लागला नाही की असे सांगतात. 'चलन' म्हणजे सिग्नल तोडल्यावर वाहतूक पोलीस पाठवतात ते. 'राशी' वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असते. 'घात' म्हणजे दगा. आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा परिणाम नाहीसा करतात त्या क्रियेला 'उदासिनीकरण' म्हणतात, आणि त्यात मुलाला आधी 'उदास' दिसते. या शब्दांना तो अडखळत नाही, कारण ते त्याला येतात असे वाटते. म्हणून तो ते कोशात शोधतही नाही. साधन कितीही उत्तम असले तरी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देणार कसे?

दुसरा वर्ग प्रश्नपत्रिकेतल्या आज्ञांचा. 'स्पष्ट करा', 'फरक स्पष्ट करा', 'शास्त्रीय कारणे द्या', 'संकल्पना स्पष्ट करा', 'सोदाहरण', 'सकारण'. यांपैकी प्रत्येक आज्ञा वेगळ्या प्रकारचे लेखन मागते. 'कारणे द्या' याला उत्तर देताना आधी नियम, मग त्याचा प्रस्तुत घटनेशी संबंध आणि शेवटी 'म्हणून' हा जोड लागतो. 'फरक स्पष्ट करा' याला दोन्ही बाजूंना एकच कसोटी लावावी लागते. ज्या घरात वाद घालताना 'कारण', 'परंतु', 'तरीही' ऐकू येतात त्या घरातली मुले हे न शिकवता शिकतात. बाकीच्यांना ते शिकवावे लागते, आणि परिभाषाकोशात या शब्दांना जागा नाही, कारण ते कोणत्याच एका विषयाचे नाहीत.

तिसरा वर्ग वाक्याच्या जडणघडणीचा. पाठ्यपुस्तकी धाटणीचे एक वाक्य मी मुद्दाम रचतो: 'वातावरणातील बाष्पाचे सांद्रीभवन होऊन निर्माण झालेले जलकण हवेत तरंगत राहिल्याने ढगांची निर्मिती होते.' यात पारिभाषिक म्हणावा असा शब्द एकच आहे. त्याचा अर्थ सांगितला तरी वाक्य सुटत नाही. 'होऊन', 'झालेले', 'राहिल्याने' ही तीन धातुसाधिते तीन घटनांना एका दोरीत ओवतात, आणि शेवटी 'ढग तयार होतात' याऐवजी 'ढगांची निर्मिती होते' असे क्रियेचे नाम होते. तेच पाच छोट्या वाक्यांत सांगा: हवेत बाष्प असते. ते थंड झाले की त्याचे बारीक जलकण होतात. याला सांद्रीभवन म्हणतात. हे जलकण हवेत तरंगत राहतात. त्यांचेच ढग होतात. आशय काडीइतकाही कमी झाला नाही, पारिभाषिक शब्दही जागेवर राहिला.

हे निरीक्षण नवे नाही. वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईत शिरले की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली सुरू झालेल्या या केंद्राचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या महापालिका शाळांतल्या आणि जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या मुलांबरोबर काम करत होते. १९८० च्या आसपास त्यांनी विज्ञान शिक्षणातल्या भाषेच्या अडसराचा अभ्यास केला. आशय कायम ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांची समज वाढते, असे त्यांना दिसून आले. तेव्हा संगणक शाळेत नव्हता. आज तो प्रत्येक खिशात आहे, आणि तरी खाडीपलीकडच्या या कामाचा धागा आपल्या डिजिटल साधनांत सापडत नाही.

इंग्रजीत याच प्रश्नाकडे शब्दसंग्रहाच्या अंगाने पाहिले गेले. न्यूझीलंडमधील संशोधक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचे शैक्षणिक लेखन संगणकाला तपासायला लावून, कोणत्याही एका शास्त्राचे नसलेले पण सर्व शास्त्रांत वारंवार येणारे शब्द वेगळे काढले. त्या ५७० शब्दकुळांची यादी २००० साली प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या शिक्षकांनी ती वापरली. मराठीत बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचा मजकूर डिजिटल स्वरूपात आहे. पाचवी ते दहावीच्या सर्व विषयांची पुस्तके एकत्र घेऊन 'परस्पर', 'सापेक्ष', 'घटक', 'परिणामी', 'निकष', 'अनुक्रमे' अशा शब्दांची मोजणी करणे अवघड काम नाही. ज्ञानेश्वरीच्या शब्दसूच्या करायला आपल्या अभ्यासकांनी हाताने चिठ्ठ्या लिहिण्यात आयुष्ये घातली. नववीच्या भूगोलासाठी तेवढ्या तपश्चर्येची आवश्यकता नाही, थोड्या आस्थेची आहे.

यंत्राला जे जमते, ते

२०१७ मध्ये केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच सुरू झाला आणि त्यानंतर बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. कोडवर मोबाइल धरला की त्या पाठाचे साहित्य उघडते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत एकाच मोबाइलवर दोन-तीन भावंडांची शाळा चालली, तेव्हा या कोडचा आधार होता हे नाकारू नये. पण कोड पाठाला आहे, शब्दाला नाही. मुलगा अडतो शब्दापाशी किंवा वाक्यापाशी, आणि त्याला मिळतो तोच पाठ पुन्हा, या वेळी आवाजात.

मग शब्दापाशी अडलेल्या मुलाला यंत्राने काय द्यावे? एक उदाहरण घेतो. संस्कृत व्याकरणात 'च्वि' नावाचा एक प्रत्यय आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे किंवा तसे करणे, असा त्याचा अर्थ. त्याची खूण म्हणजे मधली दीर्घ 'ई'. आपोआप होत असेल तर पुढे 'भवन' येते, कुणी करत असेल तर 'करण'. बाष्प नव्हते ते बाष्प झाले: बाष्पीभवन. घन झाले: घनीभवन. द्रव झाले: द्रवीभवन. सांद्र, म्हणजे दाट, झाले: सांद्रीभवन. दोन बाजू सम केल्या: समीकरण. वर्ग पाडले: वर्गीकरण. शहर म्हणजे नगर, तिथल्या राहणीचे केले: नागरीकरण. उदासीन, म्हणजे कुणाच्याच बाजूचा नाही असा, केला: उदासिनीकरण. एवढी एक किल्ली हाती दिली की विज्ञान, गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांतले वीस-पंचवीस शब्द एकदम उघडतात, आणि ज्या संस्कृतप्रचुरतेची आपण तक्रार करतो तीच मदतीला येते.

कागदी कोशाला ही किल्ली देता येत नव्हती, कारण तो आद्याक्षराने लावलेला असतो. बाष्पीभवन 'ब'मध्ये, घनीभवन 'घ'मध्ये, समीकरण 'स'मध्ये. एकाच घरातली भावंडे वेगवेगळ्या खंडांत. संगणकाला शब्दाच्या शेवटाने शोधणे आद्याक्षराने शोधण्याइतकेच सोपे आहे. तरीही आपले ऑनलाइन कोश आद्याक्षराच्याच सवयीने चालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संगत. 'क्षार' शोधल्यावर त्याच मुलाच्या इयत्तेच्या पुस्तकांतली, तो शब्द असलेली पाच-सहा वाक्ये समोर यावीत. भूगोलात क्षार मातीत साचतात, विज्ञानात ते अभिक्रियेतून तयार होतात, आहाराच्या पाठात ते पालेभाजीतून मिळतात. ही वाक्ये वाचताना शब्दाचा अर्थ जसा बसतो तसा व्याख्येने बसत नाही. तिसरी गोष्ट शब्दाच्या पत्त्याची: हिंदीत याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे, सावध राहा, अशी एक ओळ. क्षार, अणू, पेशी यांसारखे शब्द काढायला दोन्ही भाषा जाणणारे काही शिक्षक एकत्र बसले तरी पुरे. केंद्रीय शब्दावली आयोगाचे आणि आपल्या राज्याचे कोश आज दोन्ही डिजिटल आहेत. ते एकमेकांसमोर ठेवले की विसंगती आपण होऊन दिसतील.

ही शेवटची गोष्ट आता तातडीची झाली आहे. भाषांतर करणारी आणि उत्तरे लिहिणारी यंत्रे उपलब्ध मजकुरावर शिकतात, आणि देवनागरीतला बहुतांश मजकूर हिंदीचा आहे. त्यामुळे मराठी उत्तरात हिंदी संज्ञा सहज शिरते, आणि वाक्य इतके सफाईदार असते की संशय येत नाही. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षणही भारतीय भाषांत देण्याला मान्यता मिळाली असून त्या पुस्तकांसाठी यांत्रिक भाषांतराचा वापर होत आहे. अशा पुस्तकात एका ठिकाणी अणू मराठी अर्थाने आणि दुसऱ्या ठिकाणी हिंदी अर्थाने आला, तर ती शुद्धलेखनाची चूक नसेल. ते विज्ञानच चुकलेले असेल.

खाडीकाठचे शब्द

इथे दोन आक्षेप येतील. पहिला: एवढा खटाटोप करण्यापेक्षा सेमी-इंग्रजी घ्यावे. घ्यायला हरकत नाही, पण प्रश्न तिथेही पाठ सोडत नाही. इंग्रजीतही 'सॉल्ट', 'बेस', 'पॉवर', 'वर्क' हे रोजचे शब्द विज्ञानात वेगळ्या अर्थाने येतात, आणि 'एक्स्प्लेन' व 'डिस्क्राइब' यांतला फरक तिथेही कुणीतरी शिकवावा लागतो. अडचण भाषा बदलून पुढच्या वर्गात जाते.

दुसरा आक्षेप असा, की परिभाषा लोकांच्या बोलीतून का घेत नाही? घेता येते, आणि घेतलीही आहे. भूगोलाच्या पुस्तकात भरतीचे दोन प्रकार येतात: 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती'. हे शब्द कुठल्या समितीने घडवलेले नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढते ते उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला मंद असते तो भांग, हे कोळ्यांचे आणि आगऱ्यांचे ज्ञान आहे. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, घणसोली इथल्या घरांत आजीला हे हिशेब तोंडपाठ असत. खाजण, आगर, मिठागर हे शब्दही याच काठाचे. म्हणजे परिभाषेचा एक तुकडा या मुलांच्या घरातून पुस्तकात गेला आहे, आणि त्यांना तो पुस्तकातला परका शब्द म्हणून शिकवला जातो. मिठागरात मीठ पिकवणाऱ्यांच्या नातवाला क्षार समजावताना आजोबांच्या मिठागराचा उल्लेख येत नाही, याला कोणते ॲप जबाबदार धरायचे?

हा दुवा कोणतेही यंत्र आपण होऊन जोडणार नाही. तो शिक्षकाला जोडावा लागेल. त्यासाठी साधनात शिक्षकाला लिहिता येईल अशी जागा हवी: आमच्या गावात याला काय म्हणतात, आमच्या मुलांना हा शब्द कशासारखा ऐकू आला. आमच्या शहरात कोपरखैरण्याच्या वर्गात साताऱ्याहून आलेल्या माथाडी कामगारांची मुले असतात, शेजारी आगरी घरातली, त्यांच्या बाजूला उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातली. शब्द प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. वरून खाली एकच चित्रफीत पाठवणाऱ्या व्यवस्थेला हे ऐकू येण्याची सोय नाही.

साहित्याच्या वाचकाला हा शाळेचा किरकोळ प्रश्न वाटू शकेल. त्यांच्यासाठी एकच शब्द पुढे करतो: 'संपादन'. आपल्यासाठी ते मासिकाचे असते. शाळेच्या गुणपत्रिकेत संपादन गुणांचे असते. नवी मुंबईच्या ९५ गावांत हा शब्द १९७० पासून वेगळ्या अर्थाने आला, भूसंपादनाच्या नोटिशीत. त्या नोटिशीची भाषा धड्याचीच होती: 'सबब', 'अन्यथा', 'हितसंबंधित', 'हरकती व सूचना'. तिचा अर्थ पुरता लावून घेण्यासाठी आणि तिला उत्तर देण्यासाठी दि. बा. पाटील यांच्यासारखा वकील नेता लागला. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. 'कारणे द्या', 'सकारण स्पष्ट करा' यांचा सराव मुलाला नववीत करायला लावतो तो केवळ गुणांसाठी नाही. उद्या त्याच्या हाती येणारा करार, वैद्यकीय संमतिपत्र, न्यायालयाचा आदेश याच भाषेत असतो.

भाषा संचालनालय, बालभारती, विश्वकोश मंडळ आणि मानखुर्दचे केंद्र या चारही संस्था सार्वजनिक पैशावर उभ्या आहेत, आणि लागणारी सामग्री त्यांच्याकडे तयार आहे: कोश, पुस्तके, नोंदी आणि मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव. ती एका ठिकाणी आणून पाचवी ते दहावीच्या मुलासाठी मराठीकडून मराठीकडे जाणारा, रूप ओळखणारा, कुळ दाखवणारा आणि वाक्यात वापरून दाखवणारा कोश करणे आजच्या तंत्राने शक्य आहे. सुरुवात पाचशे शब्दांनी करावी. पहिल्या पानावर 'क्षार' असावा, आणि त्याच्याखाली आम्लारी, उदासिनीकरण आणि मिठागर हे तिन्ही शब्द एकत्र असावेत.